वान रोड बंद झालं तेव्हा

आमच्याकडे रेल्वेचे दोनच प्रकार होते. मोठी लाईन आणि छोटी लाईन. मोठी म्हणजे मुंबई–नागपूर. ती मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत जाते. छोटी म्हणजे अकोला–खंडवा. ती अकोट, अडगाव, हिवरखेड करत सातपुड्यात शिरायची आणि तापी ओलांडून पलीकडे निमाडात उतरायची. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातला, सोनाळ्याच्या बाजूचा. आमच्या तालुक्यातून यातली एकही लाईन जात नाही. मोठी लाईन पकडायची तर दक्षिणेला शेगाव, छोटी पकडायची तर पूर्वेला हिवरखेड, आणि तेही अकोला जिल्ह्यात.

पण माझी मोठी मावशी खंडव्याकडे दिलेली. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत एसटीनं हिवरखेड आणि तिथून छोट्या गाडीनं खंडवा, हा आमचा ठरलेला प्रवास. हिवरखेड सुटलं की शेतं संपायची, साग सुरू व्हायचा आणि पुढचं स्टेशन यायचं : वान रोड. तिथं गाव दिसायचं नाही. झाडं, रूळ, पाटी, आणि डोक्यावर गाठोडी घेतलेली कोरकू माणसं. अकोटचा बाजार करून आलेले उतरायचे, खंडव्याकडे जाणारे चढायचे. आई तिथं डब्याची गाठ सोडायची. “खाऊन घ्या आत्ताच. पुढं चारचा आकडा आला की तुम्ही खिडकी सोडत नाही,” हे तिचं दरवर्षीचं वाक्य.

ते स्टेशन आता बंद आहे. १ जानेवारी २०१७ पासून अकोला–खंडवा ही छोटी लाईन थांबली. रूळ रुंद करून गाडी परत सुरू होणार, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं. गाडी परत आली, पण अकोटपर्यंतच. वान रोडला ती आता कधीच येणार नाही. आणि हे मी लिहितोय ते दुःखानंच लिहितोय असंही नाही, कारण वान रोडचं स्टेशन गेल्यामुळेच माझ्या तालुक्याला इतिहासात पहिल्यांदा रेल्वे मिळण्याची शक्यता तयार झाली आहे. या गोष्टीकडे नीट बघायचं तर दीडशे वर्षं मागं जावं लागतं, आणि योगायोग असा, की सुरुवात बुलढाणा जिल्ह्यातच होते.

१८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून वऱ्हाडात शिरली आणि १८६७ला नागपूरला पोचली. तिला घाई होती कापसाची. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. त्या काळात खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची सगळ्यात मोठी पेठ. पण रेल्वे काही खामगावातून गेली नाही. ती पूर्णेच्या खोऱ्यातल्या सपाटीवरून, जलंबवरून गेली. म्हणून मग जलंब ते खामगाव अशी जेमतेम १३ किलोमीटरची फांदी सरकारी खर्चानं टाकण्यात आली. १८७०च्या मार्चमध्ये तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात हजर होता. तेरा किलोमीटरच्या लाईनीसाठी आख्ख्या हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! कापसाचं वजन किती होतं ते यावरून कळावं. ती फांदी अजून चालू आहे आणि अजूनही खामगावलाच संपते. तिथून चिखली, देऊळगाव राजामार्गे जालन्यापर्यंत न्या ही मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. राज्य सरकारनं अर्धा खर्च उचलायची तयारीही दाखवली आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो लेख लिहायला मी म्हातारा होईपर्यंत वेळ आहे असं दिसतंय.

तर हा मेयो. त्याच्याच कारकिर्दीत, त्याच १८७० साली, आणखी एक निर्णय झाला. तोवर हिंदुस्थानातल्या मुख्य लाईनी साडेपाच फूट रुंदीच्या, म्हणजे आजच्या हिशेबात १६७६ मिलिमीटरच्या होत्या. हे काम महाग पडत होतं. सरकारला आता स्वतःच्या पैशानं, कमी खर्चात, लांबवर रेल्वे न्यायची होती. रूळ अरुंद घेतले की पूल लहान, भराव लहान, डबे हलके, आणि डोंगरात वळणंही जास्त आवळून घेता येतात. किती अरुंद, यावर तज्ज्ञांचं एकमत होईना. शेवटी मेयोनं सव्वातीन फुटांच्या आसपासची रुंदी उचलून धरली. त्याच सुमाराला देशात दशमान मापं आणायचं घाटत होतं, म्हणून ती रुंदी बरोबर एक मीटर करण्यात आली. दशमान मापं प्रत्यक्षात यायला १९५०चं दशक उजाडलं. मीटरचे रूळ मात्र लगेच पडू लागले. मेयो स्वतः १८७२मध्ये अंदमानात शेर अली या कैद्याच्या हातून मारला गेला. आपल्या निर्णयाचं पुढं काय झालं ते त्यानं पाहिलं नाही.

झालं असं, की एका देशात दोन रेल्वे तयार झाल्या आणि त्या एकमेकींशी बोलेनात. तुमच्या फोनचा चार्जर आणि मित्राचा फोन, तशी अवस्था. मोठ्या लाईनीचा डबा छोट्या लाईनीवर जात नाही. जिथं दोन्ही भेटतात तिथं प्रत्येक पोतं हमालांनी एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात टाकायचं. खंडवा हे असंच एक भेटीचं ठिकाण. तिथं मुंबईहून जबलपूरकडे जाणारी मोठी लाईन होती, आणि इंदूरहून येणारी मीटर गेज. ही इंदूरची लाईन व्हावी म्हणून तुकोजीराव होळकर दुसरे यांनी सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. पुढं ती रतलाम, अजमेरमार्गे राजस्थानच्या मीटर गेज जाळ्याला जोडली गेली. दक्षिणेला निजामाच्या राज्यातही मीटर गेजच वाढत होती. सिकंदराबादहून मनमाडला जाणाऱ्या लाईनीवर पूर्णा जंक्शन होतं आणि तिथून १९१२मध्ये हिंगोलीपर्यंत एक फांदी आली. हिंगोलीला रूळ संपले.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर खंडव्यापर्यंत मीटर गेज, खाली हिंगोलीपर्यंत मीटर गेज, आणि मध्ये वाशीम, अकोला, अकोट आणि सातपुडा. राजस्थानातून निघालेला मीटर गेजचा डबा हैदराबादला न्यायचा तर मधे एवढीच खिंड. ती इंग्रजांच्या काळात भरली गेली नाही. ती भरली स्वातंत्र्यानंतर, पंचवार्षिक योजनांच्या पैशातून. १९५०च्या दशकात खंडवा–हिंगोली जोडमार्गाचं काम चाललं आणि १९६०च्या आसपास गाड्या धावू लागल्या. म्हणजे वान रोड हे ‘ब्रिटिशकालीन स्टेशन’ नाही. ‘मेळघाटातली ब्रिटिशकालीन रेल्वे’ असा मथळा आता मी पाहिला की मला थोडा राग येतो. बोगी जुनी दिसली की आपण सगळं इंग्रजांच्या नावावर टाकून मोकळे होतो. ही लाईन आपल्या माणसांनी, आपल्या सरकारनं, आपल्या आजोबांच्या तरुणपणी डोंगर फोडून काढली.

आणि डोंगर सोपा नव्हता. हिवरखेडपर्यंत लाईन वऱ्हाडच्या सपाटीवरून येते. पुढं वान नदीच्या खोऱ्यात शिरली की चढ सुरू. रेल्वेला चढ झेपत नाही; माणूस जिथं सरळ पायवाटेनं चढतो तिथं गाडीला लांबी वाढवून घ्यावी लागते. म्हणून धूळघाटच्या जवळ अभियंत्यांनी रूळ डोंगराभोवती असा फिरवला, की वर चढलेली गाडी स्वतःच्याच खालच्या रुळावरून ओलांडून जाते. वरून पाहिलं तर आपला ४ दिसतो. म्हणून त्याचं नाव चारचा आकडा. खंडव्याकडचे लोक ‘चार का आँकडा’ म्हणायचे. आम्ही पोरं खिडकीतून मघाशी आलो तो रूळ खाली शोधायचो, आणि ज्याला आधी दिसेल त्याला खिडकी. दार्जिलिंगच्या वळणाचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतात. हे आपल्या सातपुड्यातलं वळण फारच थोड्यांना माहीत आहे, आणि आता ते बघायला गाडी नाही.

वान रोडच्या नावातला ‘रोड’ मला लहानपणी कळायचा नाही, कारण तिथं रस्ता म्हणावं असं काही दिसायचंच नाही. रेल्वेत स्टेशनच्या नावापुढं ‘रोड’ लागला, की समजायचं : नावाचं ठिकाण इथं नाही, इथून पुढं जायचंय. याच लाईनीवर अकोला आणि अकोटच्या मध्ये ‘गांधीस्मारक रोड’ आहे. तिथून पूर्णेकाठच्या गांधीग्रामला जायचं, जिथं गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन झालं होतं. वान रोड तसंच. ते कुण्या एका गावासाठी बांधलंच नव्हतं. एकेरी लाईनीवर समोरासमोरच्या गाड्यांना ओलांडायला ठरावीक अंतरावर जागा लागते, घाट चढण्याआधी गाडीला थांबायला जागा लागते. गाडीच्या सोयीसाठी केलेलं ते थांबणं होतं. त्या थांबण्याचा उपयोग माणसांनी करून घेतला. ज्या रात्री हैदराबादच्या काचीगुड्याहून राजस्थानात जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस त्या जंगलातून धडधडत जात असे, त्या गाडीतल्या झोपलेल्या माणसांना वान रोड नावाचं काही आहे हे माहीतही नसेल. पण पॅसेंजरनं येणाऱ्या कोरकू बाईला अकोटच्या बाजारात पोचवणारी तीच एक लाईन होती.

मीटर गेजच्या शेवटाला एक कार्यक्रमी नाव आहे : प्रोजेक्ट युनिगेज. १९९२मध्ये रेल्वेनं ठरवलं, की देशभर रुंदी एकच करायची. मेयोचा निर्णय मागं घ्यायला सव्वाशे वर्षं लागली. पूर्णा–अकोला टप्पा २००८च्या सुमाराला रुंद झाला. मग अकोल्याच्या वरचा तुकडा एकटाच उरला, पुढं महूपर्यंत जाणारा. मीनाक्षी गेली होती. ज्या जोडणीसाठी ही लाईन बांधली ती जोडणीच संपली होती. शेवटची काही वर्षं ती गाडी खरोखर फक्त रस्त्यातल्या गावांसाठी धावली. माझ्या मते तेच तिचे सगळ्यात खरे दिवस, जरी रेल्वेच्या हिशेबात ते तोट्याचे असले तरी.

इथपर्यंतची गोष्ट देशातल्या शेकडो मीटर गेज स्टेशनांची आहे. बहुतेक ठिकाणी पुढं रूळ रुंद झाले, जुन्या इमारतीशेजारी नवी उभी राहिली, स्टेशन जगलं. वान रोडला तसं झालं नाही, कारण ते वाघाच्या घरात होतं.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३–७४चा. लाईन त्याच्या आधीची. पुढं १९९७मध्ये वान, नरनाळा आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं अंबाबरवा ही अभयारण्यं जाहीर झाली आणि रूळ अधिकृतपणे संरक्षित जंगलात आले. रूळ रुंद करायचा विषय निघाला तेव्हा आकडे पुढं आले : जुन्या मार्गाचे सुमारे ३९ किलोमीटर व्याघ्र प्रकल्पातून, त्यातले सुमारे १८ अगदी गाभ्यातून. छोटी गाडी दिवसाला मोजक्या वेळा, रमतगमत जायची. मोठी लाईन झाली की वेग वाढणार, मालगाड्या येणार, रात्रंदिवस वाहतूक होणार. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपर्यंत हा विषय फिरला. २०२०मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांना पत्र लिहून जंगलाबाहेरचा मार्ग घ्या असं सांगितलं. पुढं रेल्वेनंही वळसा मान्य केला.

तो वळसा आमच्याकडून आहे. अकोट, अडगाव, हिवरखेड इथपर्यंत जुनीच वाट. तिथून उत्तरेला वान रोडकडे न वळता पश्चिमेला सोनाळा, मग जामोद, कुवरदेव, उसरणी, खकनार करत तुकईथडला जुन्या लाईनीला परत मिळायचं. अंतर सुमारे तीस किलोमीटरनं वाढतं. कागदावर ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी सोनाळा हे नाव दोनदा वाचलं.

बाहेरच्या माणसाला याचं काय एवढं, असं वाटेल. म्हणून सांगतो. संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे खारपाणपट्ट्यातले तालुके. जमिनीखालचं पाणी खारं. वर्षानुवर्षं ते पिऊन इथल्या गावागावांत किडनीचे रोगी झाले. हे नवीन नाही, पेपरांतून अनेकदा येऊन गेलंय. वान नदीवर वारीजवळ धरण आहे, त्याच धरणातून आता १४० गावांची पाणीपुरवठा योजना येते. म्हणजे वानचं पाणी आमच्यापर्यंत पोचलं. पण जे आधीच आजारी पडले त्यांचं काय? माझे काका आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अकोल्याला जायचे. पहाटेची एसटी, दिवसभर मशीन, रात्री परत. शेवटच्या वर्षी ते बसमध्ये सीटवर बसूच शकत नसत, मधल्या जागेत पटकूर टाकून आडवे व्हायचे. एकदा म्हणाले, “बाबू, लाईन असती ना आपल्याकडं, तर निजून गेलो असतो रे.” संत्र्याचं, केळीचं, कापसाचं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण माझ्यासाठी या रेल्वेचा अर्थ त्या वाक्यात आहे.

आणि तरीही वान रोड विसरता येत नाही. कारण जंगलातून रेल्वे काढली तेव्हा जंगलातली माणसंही निघत होती. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड या गावांचं पुनर्वसन झालं आणि मग एकेक गाव खाली अकोटच्या बाजूच्या सपाटीवर आलं. काही जणांना जमीन, काहींना पैसे मिळाले. काही जण खाली न रमल्यानं २०१७नंतर पुन्हा वर आपल्या जुन्या गावी गेले, त्यातून वन खात्याशी झटापटीही झाल्या. जी गावं हद्दीबाहेर टिकली, धूळघाटच्या बाजूची, त्यांची तक्रार सरळ आहे : आमची गाडी होती, ती नेली, आणि जिथं कधी नव्हती तिथं देताय. याला माझ्याकडे उत्तर नाही. वाघाला रेल्वे नको, हे मला मनापासून पटतं. पण मला ते पटणं सोपं आहे, कारण वळसा माझ्या दारातून जातो. धूळघाटला राहत असतो तर मी हा लेख वेगळा लिहिला असता.

अकोला–अकोट मोठ्या लाईनीवर गाडी सुरू झाली ती २०२२च्या नोव्हेंबरात. त्याच्या महिनाभर आधी गांधीग्रामजवळचा पूर्णेवरचा जुना पूल तडा गेल्यामुळे बंद पडला होता आणि अकोटच्या लोकांची अकोल्याला जायची वाटच तुटली होती. वर्षानुवर्षं तयार असलेल्या रुळांवर गाडी सोडायला तो पूल मोडावा लागला, असं आमच्याकडे लोक म्हणतात, आणि ते अगदीच चुकीचं नाही. ही लाईन आजही दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. वऱ्हाडातली लाईन, कारभार मराठवाड्यातून, मुख्यालय सिकंदराबादला. हिंगोलीपर्यंत आलेल्या निजामाच्या रुळांची ती खूण.

वान रोड बंद झाल्यानंतर मी तिथं गेलेलो नाही. तो गाभ्याचा भाग आहे, परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जाऊही नये. सोनाळ्यात, हे लिहीत असताना, रूळ नाहीत. चर्चा आहे. कुणाच्या शेतातून लाईन जाणार, कुणाचं किती जाणार, याचे पारावर रोज नवे नकाशे निघतात. एकानं तर स्टेशनची जागासुद्धा ठरवून टाकली आहे, आणि त्या जागेच्या शेजारी त्याचं शेत आहे हा योगायोग सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या महिन्यात आईला मी हा नवा मार्ग मोबाईलवर दाखवला. बोट सरकवत सरकवत हिवरखेड, सोनाळा, जामोद, खकनार, तुकईथड. तिनं चष्मा सावरून सगळं पाहिलं. मावशी आता नाही, पण मावशीची मुलं तिकडेच आहेत, तेव्हा तिला त्यात रस होता. मग म्हणाली, “अन् वान रोड?”

“ते नाही त्याच्यात.”

“मंग चारचा आकडा?”

“तोही नाही.”

तिनं मोबाईल परत दिला. “मंग खायला कुठं थांबायचं?” तिनं विचारलं.